मराठी वाचकाने ई-रीडर घ्यावा की टॅब्लेट?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो. सांगलीत राहता, शाळेतून निवृत्त झालात, रोज तीन-चार तास वाचता आणि त्यातलं निम्मं रात्री अंथरुणावर. आजवर सगळं फोनवरच वाचलंत. फोनमध्ये तीनएकशे पीडीएफ आहेत, बहुतेक जुन्या पुस्तकांचे स्कॅन आणि काही दिवाळी अंक. बुकगंगावर विकत घेतलेली चाळीसेक ई-पुस्तकं आहेत. अधूनमधून इंग्रजी रहस्यकथा वाचता. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. वीस हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. ॲमेझॉनचा ई-रीडर किंडल पेपरव्हाइट, आयपॅड मिनी आणि सॅमसंगचा अकरा इंची टॅब यांतलं एक निवडायचं आहे, आणि मुलगा म्हणतो रंगीत ई-रीडरच घे.

माझं उत्तर: अकरा इंची टॅब्लेट घ्या. आयपॅड मिनी यादीतून काढूनच टाका. २०२४ मध्ये नवा आयपॅड मिनी आला तेव्हा आपल्याकडे त्याची किंमत ४९,९०० रुपयांपासून सुरू झाली. खरी निवड पेपरव्हाइट आणि मोठा टॅब्लेट यांच्यात आहे.

प्रकाशकांसाठी मराठी ई-पुस्तकं तयार करणं हे माझं रोजचं काम. माझं स्वतःचं बहुतेक वाचन ई-इंकवर, म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या पडद्यावर होतं आणि त्याच्याइतका शांत पडदा मला दुसरा माहीत नाही. तरीही तुम्हाला टॅब्लेट सुचवतोय. कारण कोणी यंत्राबद्दल विचारलं की मी आधी एवढंच विचारतो, तुमची पुस्तकं कोणत्या स्वरूपात आहेत? फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला ही चिंता नसते, त्याला हवं ते बहुतेक सगळं ई-पुस्तक म्हणून तयार मिळतं. मराठी वाचकाचा साठा असा एकसारखा नसतो.

तुमच्या तीनशे पीडीएफ उघडून पाहिल्यात तर त्या तीन जातींच्या निघतील. पहिली जात खऱ्या अक्षरांची, म्हणजे युनिकोडमध्ये टाइप केलेली. दुसरी जात निव्वळ फोटोंची: ग्रंथालयातलं पुस्तक स्कॅनरखाली ठेवून पानापानाचं चित्र काढलेलं. तिसरी जात फसवी. दिसायला स्वच्छ, नुकतीच छापल्यासारखी, पण आतला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेला. ओळखायची युक्ती सोपी आहे. फोनवर त्या पीडीएफमधली एक ओळ बोट दाबून निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी ओळ जशीच्या तशी उमटली तर खरी अक्षरं. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटला तर जुना फॉन्ट. ओळ निवडताच आली नाही तर ते चित्र.

ई-रीडरची सगळी जादू पहिल्या जातीवर चालते. अक्षर मोठं करा, ओळींत जागा सोडा, मजकूर आपोआप नव्याने मांडला जातो. तेही ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात किंवा किंडलच्या फाइलमध्येच. पीडीएफ म्हटलं की पान जसं बांधलंय तसंच राहतं, आपण ते फक्त लहान-मोठं करू शकतो.

आता मापं बघू. आपली बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची असतात, साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. पेपरव्हाइटचे सात इंच हे कर्णाचं माप. प्रत्यक्षात त्याचा पडदा ४.२ इंच रुंद आणि ५.६ इंच उंच आहे. डेमीचं अख्खं पान त्यात बसवलं की ते मूळ छपाईच्या ६६ टक्क्यांवर येतं. बारा पॉइंटात छापलेलं अक्षर आठ पॉइंटाचं होतं. चारी बाजूंचे समास कापले तर साधारण ८० टक्क्यांपर्यंत जाता येतं, म्हणजे साडेनऊ पॉइंट. तेही पन्नास वर्षांपूर्वीच्या शाई पसरलेल्या छपाईचं, ज्यात अनुस्वार आधीच पुसट झालेले असतात. सहा इंची साध्या किंडलवर समास कापूनही ७० टक्क्यांच्या आतच राहावं लागतं. याउलट १६:१० प्रमाणाच्या अकरा इंची टॅब्लेटचा पडदा ५.८ इंच रुंद आणि ९.३ इंच उंच असतो. डेमीचं पान त्यावर मूळ मापाहून किंचित मोठंच दिसतं, आणि समास कापले तर आणखी मोठं. दिवाळी अंक डेमीहून मोठे, बरेचदा दोन कॉलमांचे. ते सात इंचांवर वाचायचे म्हणजे पान सारखं बोटाने इकडून तिकडे ढकलत बसायचं. ई-इंकवर प्रत्येक ढकलण्याला पडदा मागे राहतो, आधीच्या अक्षरांची सावली उरते. दोन पानांनंतर माणूस अंक मिटतो.

पेपरव्हाइटची बाजूही सांगायला हवी. तो आडवा धरला तर रुंदी ५.६ इंच मिळते आणि डेमीचं पान मूळ मापात दिसतं, फक्त एक पान दोन टप्प्यांत वाचावं लागतं. कादंबरी-कथासंग्रहाच्या सरळ मजकुराला हे चालून जातं, मी स्वतः अशी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. तक्ते, तळटीपा, दोन कॉलम आले की मात्र नाही.

स्कॅनला वळणावर आणायचे दोन उपाय लोक सुचवतात. पहिला उपाय म्हणजे पानातले शब्द चित्रासारखे कापून लहान पडद्यावर पुन्हा मांडणारी मोफत साधनं. इंग्रजीवर ती छान चालतात. मराठीत ओळी दाट छापलेल्या असल्या तर खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकारात अडकतो आणि दोन ओळींचा गोळा होतो. दुसरा उपाय ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखून घेणं. गूगल ड्राइव्हमधली पीडीएफ गूगल डॉक्समध्ये उघडली की हे फुकटात होतं आणि मराठीत बरंच बरं होतं. पण घ-ध, भ-म यांची अदलाबदल होते, पानाचे आकडे मजकुरात घुसतात. एखादं आवडतं पुस्तक जपायचं असेल तर ही मेहनत सार्थकी लागते. तीनशे पुस्तकांसाठी करू नका, तेवढ्या वेळात ती वाचून होतील.

बुकगंगाची चाळीस पुस्तकं हा तुमच्या प्रश्नातला निर्णायक मुद्दा आहे. ती बुकगंगाच्या ॲपमध्येच उघडतात. किंडलवर बाहेरचं ॲप टाकता येत नाही, त्यामुळे पेपरव्हाइट घेतलात तर ही विकत घेतलेली पुस्तकं फोनवरच राहतील. अँड्रॉइड टॅब्लेटवर बुकगंगा, गूगल प्ले बुक्स, प्रतिलिपी, किंडलचं ॲप, सगळं शेजारी शेजारी बसतं. कंटाळा आला तर स्टोरीटेलवर मराठी पुस्तक ऐकताही येतं. तुमच्या साठ्यातला मोठा भाग स्कॅनचा आणि दुसरा भाग ॲपमध्ये अडकलेला, मग ज्या यंत्रावर या दोन्ही गोष्टी नीट होत नाहीत ते पहिलं यंत्र म्हणून कसं सुचवू?

डोळ्यांचं आता. ई-इंकच्या पडद्यात काळे आणि पांढरे सूक्ष्म कण असतात, विजेच्या भाराने ते वर-खाली होतात आणि पान उमटतं. पान उमटल्यावर वीज लागत नाही आणि आपण वाचतो तो पडद्यावरून परतलेला प्रकाश, कागदासारखा. रात्री लागणारे दिवेही कडेला असतात आणि प्रकाश पानावर टाकतात. टॅब्लेटचा प्रकाश मागून थेट डोळ्यात येतो. उन्हात, गॅलरीत, एसटीच्या खिडकीशी ई-इंकला तोड नाही. रात्री अंधाऱ्या खोलीत मात्र फरक बराच कमी करता येतो, आणि तुमचं निम्मं वाचन त्या वेळचं आहे. निळ्या प्रकाशाची भीती फार पसरली आहे, पण अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्था निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची शिफारस करत नाही. पडद्यावर डोळे शिणतात ते बरंचसं पापण्या कमी लवल्यामुळे. शिवाय तुम्ही आजवर साडेसहा इंचांच्या फोनवर बारीक अक्षर डोळ्यांजवळ धरून वाचत होतात. अकरा इंचांवर, हाताच्या अंतरावर, मोठ्या अक्षरात वाचणं हाच तुमच्या डोळ्यांना पहिला मोठा आराम असेल. ऑपरेशननंतर डोळे कोरडे वाटणं बऱ्याच जणांना होतं, तसं असेल तर डॉक्टरांना थेंबांबद्दल विचारा आणि वाचायचा चष्मा नेमका किती अंतरासाठी दिलाय तेही विचारून घ्या. पुस्तकाच्या अंतराचा चष्मा आणि मांडीवर उभा केलेला टॅब्लेट यांचा मेळ बसत नाही, मान अवघडते.

मुलाच्या रंगीत ई-रीडरबद्दल. आजच्या बहुतेक रंगीत वाचनयंत्रांत काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंगांची एक गाळणी चढवलेली असते. काळी अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटतात, रंग मात्र १५० ठिपक्यांनी. त्या गाळणीमुळे पानाची पांढरी पार्श्वभूमी करडी होते आणि दिवा जास्त लावावा लागतो. मुखपृष्ठं, मुलांची चित्रांची पुस्तकं, रंगीत अधोरेखन यांना ते गोड दिसतं. काळ्या अक्षरांचं मराठी गद्य वाचणाऱ्याने त्यासाठी जादा पैसे देऊन फिकट पान घेऊ नये. मोतीबिंदूनंतर तर काळं-पांढरं जितकं ठळक तितकं बरं.

अँड्रॉइड चालणारे ई-इंकही आहेत, ऑनिक्स बूक्स हे त्यातलं जुनं नाव. त्यावर बुकगंगा टाकता येतं, सात इंचांपासून दहा इंचांपर्यंत मिळतात. कागदावर तुमचा प्रश्न यानेच सुटतो. पण दहा इंची यंत्र तुमच्या बजेटच्या पार बाहेर, सात इंचीला स्कॅनची तीच अडचण, आणि फोनसाठी बनवलेली ॲप ई-इंकवर सरकवताना पडदा लुकलुकत राहतो. आपल्याकडे दुरुस्तीची सोयही विरळ आहे. सेटिंग्जमध्ये रमणाऱ्याला मी ते आवर्जून सुचवतो. वाचायला बसल्यावर यंत्र विसरायचंय त्याला नाही.

आता कोणता टॅब्लेट. प्रोसेसर, कॅमेरा यांकडे बघूच नका. बघायचं ते पडद्याचं रिझोल्यूशन. अकरा इंचांवर १९२० × १२०० म्हणजे इंचाला साधारण २०६ ठिपके, यापेक्षा कमी घेऊ नका. पेपरव्हाइटचे ३०० असतात, त्यामुळे जवळून पाहिल्यावर फरक दिसेल, पण पान मूळ मापात असल्याने वाचताना अडत नाही. आठ-नऊ इंची स्वस्त टॅब्लेटवर बरेचदा १३४० × ८०० मिळतं, म्हणजे इंचाला साधारण १८०. इंग्रजीला ते चालतं, देवनागरीत ‘उद्ध्वस्त’, ‘राष्ट्र’, ‘कर्तृत्व’ अशी जोडाक्षरं आली की पाय आणि रेघा एकमेकांत मिसळतात. दुकानात जाताना तुमच्या साठ्यातलं सगळ्यात वाईट स्कॅन पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर घेऊन जा आणि तेच उघडून दाखवायला सांगा. चकचकीत जाहिरात सगळ्याच पडद्यांवर छान दिसते. सिमवाला टॅब घेऊ नका, वायफायवाला पुरे. साठवण ६४ जीबी असली तरी पुरते, कार्डाची सोय असली म्हणजे झालं.

वजनाची तयारी मात्र ठेवा. पेपरव्हाइट २११ ग्रॅमचा आहे, तीनशे पानांचं डेमी पुस्तक साधारण सव्वातीनशे ग्रॅम भरतं, आणि अकरा इंची टॅब्लेट पाचशेच्या आसपास, कव्हर घातल्यावर त्याहून जड. आडवं पडून हातात धरायचा विचार सोडा. पाठीशी उशी घेऊन बसा, टॅब उभा राहील असं कव्हर घ्या, किंवा पलंगाला लावायचा स्टँड घ्या. बॅटरीचंही तसंच. पेपरव्हाइटचे बारा आठवडे हे रोज अर्धा तास, वायफाय बंद, अशा हिशेबाचे, म्हणजे एकूण ४२ तास. तुमच्या साडेतीन तासांच्या वाचनाला ते बारा दिवस पुरले असते. टॅब्लेट आठ-दहा तास चालेल, तिसऱ्या दिवशी चार्जिंगला लावायचा.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी हे करा. वाचनाची ॲप आणि फोनवरून हलवलेल्या पीडीएफ एवढंच त्यावर ठेवा, व्हॉट्सॲप आणि यूट्यूब टाकू नका. टॅब्लेटवर वाचन मोडतं ते पडद्यामुळे कमी आणि टुणकन वाजणाऱ्या निरोपांमुळे जास्त. पीडीएफसाठी कोरीडर किंवा लिब्रेरा हे मोफत ॲप घ्या. दोन्हींत समास कापायची सोय आहे, आणि कोरीडरमध्ये पुसट स्कॅनचा ठळकपणाही वाढवता येतो. रात्रीसाठी सॅमसंगमध्ये ‘आय कम्फर्ट शील्ड’ लावा, पडदा पिवळसर होतो. सगळ्यात खालच्या पायरीवरही उजेड खुपत असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘एक्स्ट्रा डिम’ आहे, तो त्याच्याही खाली नेतो. खोली पूर्ण अंधारी ठेवू नका, मागच्या बाजूला एक मंद दिवा असू द्या. दिवसा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत असेल तर मॅट स्क्रीन गार्ड लावा, अक्षर किंचित रवाळ दिसतं, पण चकाकी जाते.

आता उलट बाजू. तुमच्याजागी कोणी असा वाचक असेल की जो मुख्यतः नवी प्रकाशित पुस्तकं विकत घेऊन वाचतो, इंग्रजी निम्मं आहे, आणि पीडीएफचा साठा नाही, तर त्याने डोळे मिटून पेपरव्हाइट घ्यावा. किंडल स्टोअरवर मराठी पुस्तकं डिसेंबर २०१६ पासून आहेत आणि नव्या पुस्तकांपैकी बरीच तिथे येतात. २०२४ चा सात इंची पेपरव्हाइट आपल्याकडे २०२५ मध्ये १६,९९९ रुपयांना आला. त्याहून स्वस्त साध्या किंडलला पिवळसर उजेड नाही आणि पाण्यापासून संरक्षणही नाही. मराठीसाठी त्यात दोन सेटिंग्ज लगेच बदलावीत. मजकूर दोन्ही कडांना सरळ न ठेवता डावीकडे लावावा. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात आणि ओळीच्या शेवटी तुटत नाहीत, त्यामुळे दोन्ही कडा सरळ केल्या की मधे भगदाडं पडतात. आणि ओळींमधलं अंतर एक पायरी वाढवावं, वर वेलांटी-रफार आणि खाली उकार यांना इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. हवा तो फॉन्ट संगणकावरून यंत्राच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकता येतो. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट मला दीर्घ वाचनाला फार आवडतो, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत.

स्वतःची ईपब फाइल ‘सेंड टू किंडल’ या सोयीने यंत्रावर पाठवायची असेल तर आधी एका फाइलवर ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘ॲसिड’ हे तीन शब्द नीट उमटतात का ते पाहा. फाइल निष्काळजीपणे बनवलेली असेल तर पहिला घोटाळा इथेच दिसतो. विकत घेतलेल्या किंडल पुस्तकांबद्दल एक लक्षात असू द्या. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ती संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घ्यायची सोय बंद झाली. पुस्तक खात्यात राहतं, प्रत बहुतेकदा हातात राहत नाही. तुमच्या त्या तीनशे पीडीएफ या अर्थाने खऱ्या तुमच्या आहेत, त्यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर आजच काढून ठेवा, आणखी भर घालायची असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर शेकडो पुस्तकं मोफत आणि रीतसर मिळतात.

मुलगा अमेरिकेत असेल आणि तिथून काही पाठवतो म्हणत असेल, तर तिथली किंडलची मोठी सोय, सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकं लिबी या ॲपवरून किंडलवर येणं, ही फक्त तिथल्या वाचनालयाचं कार्ड असणाऱ्यांसाठी आहे. सांगलीत तिचा उपयोग नाही, आणि तिकडून आणलेल्या यंत्राची वॉरंटी इथे चालेल असं धरू नका.

टॅब्लेटवर सहा महिने वाचा. त्या काळात किंडलचं मोफत ॲप त्यावर टाका आणि एखाद्या पुस्तकाबद्दल ऐकलंत, परीक्षण वाचलंत की किंडल स्टोअरवर ते शोधून नमुना उतरवून घ्या. नमुने फुकट असतात. सहा महिन्यांनी त्या यादीत पंधरा-वीस पुस्तकं जमली असतील आणि ती वाचायची ओढ असेल, तर तेव्हा पेपरव्हाइट घ्या, रात्रीसाठी. यादीत चार-पाचच असतील तर ते पैसे बुकगंगावर खर्च करा.